एकाच डोक्यावर तीन तऱ्हांची केसगळती : ल्युपसच्या एका रुग्णाचं प्रकरण

वय ३४. केज तालुक्यातलं गाव. घरी तीन एकर कोरडवाहू जमीन, त्यात सोयाबीन आणि तूर. मुलगी आठवीत, मुलगा पाचवीत. स्वतःचं शिलाई मशीन आहे, गावातल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज यांच्याच हातचे. अडीच वर्षांपूर्वी सांधेदुखी, तोंडात फोड, गालांवर लालसर चट्टे आणि न हटणारी कणकण अशी सुरुवात होऊन ल्युपसचं निदान झालेलं. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते. यांच्या बाबतीत सांधे, त्वचा आणि मूत्रपिंड, तिन्हींवर. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. नाव देत नाही, दवाखान्यात म्हणते तसं इथेही ताईच म्हणते.

२०२५ च्या जानेवारीअखेरीस ताई अंबाजोगाईला दवाखान्यात आल्या त्या केसांसाठी नव्हे. पायांवर सूज होती. पदर भुवयांपर्यंत ओढलेला, दोन पिना लावून पक्का केलेला. लघवीत प्रथिनं भरपूर जात होती, म्हणजे मूत्रपिंडाचा आजार पुन्हा उचल खात होता. "गोळ्या चालू आहेत का?" यावर "हो, हायत की," एवढंच उत्तर आलं. पिशवीतल्या पट्ट्या मात्र वेगळंच सांगत होत्या. नोव्हेंबरात घेतलेली हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची, म्हणजे ल्युपसच्या रोजच्या गोळीची, पट्टी जवळजवळ भरलेली, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या मायकोफेनोलेटचा डबा तसाच. संपलेली होती ती फक्त स्टेरॉइडची पट्टी. हे मी पुष्कळ रुग्णांत पाहते. स्टेरॉइड सोडलं की दोन दिवसांत सांधे धरतात, म्हणून ते सुटत नाही. बाकीच्या गोळ्या सोडल्या तर लगेच काही जाणवत नाही, म्हणून त्या सुटतात.

बोलली ती मुलगी. "मम्मीनं गोळ्या बंद केल्यात मॅडम. केस चाललेत म्हणून."

मग ताईंनी पिना काढल्या. "लई गळायलेत वो मॅडम. कंगवा लावला की हातात येतेत. त्या मोठ्या गोळ्या सुरू केल्यापासनं. मरणाचं भ्याव वाटंना गेलंय आता, पण बायका माप द्यायला आल्या की माझ्या डोक्याकडंच बघतेत."

मशीनवर वाकून शिवणाऱ्या बाईचा भांग समोर उभ्या असलेल्या प्रत्येकीला दिसतो, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. दिवाळीनंतर त्यांनी नवं काम घेणं बंद केलं होतं. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला एकाही घरी गेल्या नव्हत्या. केसांचं दुःख म्हणजे नटण्या-मुरडण्याची हौस, असं समजून डॉक्टर मंडळी ते पुष्कळदा बाजूला सारतात. इथे त्याच दुःखापायी मूत्रपिंड पणाला लागलं होतं. म्हणून सुजेचं औषध लिहायच्या आधी मी डोकं तपासायला घेतलं.

पिशवीतले केस

केसांवर भांडी देणारे फेरीवाले आपल्या गावांत अजून फिरतात, त्यामुळे गळलेले केस गुंडाळी करून दिवळीत ठेवायची सवय पुष्कळ घरांत आहे. ताईंनी ते कॅरीबॅगेत साठवले होते आणि पिशवी सोबत आणली होती. तपासणीसाठी याहून चांगली वस्तू मिळाली नसती. मी काही केस पांढऱ्या कागदावर मोकळे केले. बहुतेक पूर्ण लांबीचे, हातभर, आणि एका टोकाला मोहरीहून बारीक पांढरी गाठ. ती गाठ म्हणजे विश्रांतीच्या अवस्थेत जाऊन सुटलेल्या केसाचं मूळ. केस मधेच तुटला असता तर ती नसती.

डोक्यावरचा प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग तीनेक महिने थांबतो आणि गळतो. रोज पन्नास ते शंभर केस जाणं हे त्यातलंच. पण मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, टायफॉइड, डेंगी असा मोठा धक्का बसला की वाढणाऱ्या केसांतले बरेच एकदम थांबतात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदमच गळतात. ताईंना श्रावणात आजाराचा मोठा झटका आला होता. ताप, दवाखान्यात भरती, दहाएक किलो वजन उतरलं. गळती सुरू झाली दिवाळीच्या सुमारास. हिशोब नेमका जुळत होता. मायकोफेनोलेटची गोळीही भरतीतच सुरू झाल्यामुळे दोष तिच्यावर आला. या गोळीने काहींचे केस थोडे विरळ होतात हे खरं, पण मूठमूठभर आणि तेही गाठीसकट गळणं हे श्रावणातल्या तापाचं देणं होतं. या प्रकारात मूळ शाबूत असतं आणि धक्का ओसरला की साधारण सहा महिन्यांत केस भरायला लागतात.

पुढच्या बाजूला, कपाळाच्या रेषेवर, दुसरा प्रकार दिसला. बोटाच्या पेराएवढे आखूड, कोरडे, वाटेल तिकडे उभे राहिलेले केस. ल्युपस जोरात असताना ते असे ठिसूळ होतात आणि मधेच तुटतात. आजार आटोक्यात आला की तेही सुधारतात.

तिसरा प्रकार पदराच्या सगळ्यात आत लपवलेला होता.

चाई समजून लावलेला बिब्बा

टाळूवर केस गेलेली रुपयाएवढी एक जागा आणि उजव्या कानामागे तिच्याहून लहान दुसरी. गावात याला सरळ चाई, म्हणजे गोल टक्कल पाडणारा आजार, म्हणून मोकळे झाले. चाईवर कांदा, लसूण, गुंज उगाळून लावायचा प्रघात जुना आहे, आणि कुणीतरी जाणत्या बाईने टाळूवर बिब्ब्याचं तेल लावलं. बिब्बा किती भाजतो हे ज्याने एकदा अंगावर घेतलंय त्यालाच ठाऊक. जागा फोडांनी भरली, पू झाला. त्यावर औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली मलमाची नळी लावली. तिच्यात स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि प्रतिजैविक असं तिन्ही एकत्र होतं. असल्या मलमांनी आपल्याकडे नायट्याचा प्रश्न किती चिघळवलाय ते त्वचारोगतज्ज्ञ रोज बघतात.

चाईत टक्कल गुळगुळीत असतं. खपली नाही, रंग बदललेला नाही, केसांची छिद्रं जागेवर. कानामागच्या ज्या जागेला बिब्बा लागला नव्हता ती नीट बघितली तर कड काळपट-जांभळी, तिच्यावर घट्ट चिकटलेला पोपडा, आणि मधला भाग पांढुरका, चकाकणारा. भिंगाखाली त्या मधल्या भागात एकही छिद्र दिसत नव्हतं. कानाच्या वाटीत काळ्या टिंबांसारखी बुजलेली छिद्रं होती. तिथे बघायचं सहसा कुणाला सुचत नाही, पण डिस्कॉइड ल्युपसची, म्हणजे त्वचेवर गोल डाग पाडणाऱ्या ल्युपसची, ही आवडती जागा आहे. हा आजार केसाचं मूळच जाळतो आणि तिथे व्रण करतो. व्रण झालेल्या जागी केस परत येत नाही, कुठल्याही तेलाने नाही. कडेचा भाग अजून धगधगत असतो, तो वेळेत विझवला तर डाग पसरायचा थांबतो. चाई समजून वाया गेलेला प्रत्येक महिना म्हणजे कायमचे गेलेले केस.

मानेवर आणखी एक गोष्ट सापडली. केस हातात येतात म्हणून ताईंनी विंचरणं सोडलं होतं, धुणंही पंधरवड्यावर गेलं होतं. तेल, पू आणि गुंता मिळून मानेवर बोटभर जट धरली होती. शेजारच्या म्हातारीने ती देवीची आहे, कापू नका असं सांगून ठेवलं होतं. या भागात जटेपायी बायकांचे काय हाल झालेत ते सगळ्यांना माहीत आहे, आणि अंनिसचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं घरोघर जाऊन त्या सोडवताहेत. मी ताईंच्या सासूबाईंना आत बोलावलं, जट दाखवली, तिच्यात अडकलेली बिब्ब्याची वाळलेली खपली दाखवली. "मामी, ही देवीनं दिलेली न्हाई, न विंचरल्यानं झालेली हाय," हे ताई स्वतःच म्हणाल्या. मामी काही बोलल्या नाहीत, पण "काढा" म्हणून मान हलवली. निम्मी खोबरेल लावून बोटांनी सुटली, निम्मी कात्रीने काढली.

पाण्याचा संशय

ताईंच्या मालकांचा रोख बोअरच्या पाण्यावर होता. त्याच महिन्यात बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस अचानक जायला लागल्याच्या बातम्या टीव्हीवर सारख्या चालू होत्या, त्यामुळे हा संशय साहजिक होता. मी त्यांना एवढंच विचारलं, तुमच्या घरात किंवा गल्लीत आणखी कुणाचे चाललेत का? नाही. शेगावकडे एकाच वेळी अनेक घरांत, लहान-थोर, बाई-माणूस सगळ्यांचे जात होते, आणि पुढे तिथल्या रुग्णांच्या रक्तात सेलेनियम जास्त आढळल्याचं सांगण्यात आलं. इथे एकाच बाईचे जात होते, आणि तिच्या आजाराच्या तारखांशी जुळून. जड पाण्याने साबण नीट निघत नाही, केस राठ होतात, गुंता वाढतो. मुळापासून गळत नाहीत. शेवटचा तांब्या फिल्टरच्या पाण्याचा घ्या, इतकं पुरे, असं सांगितलं. टाकी बदलायचा खर्च वाचला.

तपासण्या आणि एक स्पष्ट बोलणं

हिमोग्लोबिन ८.९, लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन ९. अंगात दाह असताना फेरिटिन उगाच वाढलेलं दिसतं. तरीही ते इतकं खाली असेल तर लोहाचा साठा खरोखरच संपलेला असतो. पाळीत जास्त जात होतं हे विचारल्यावर कळलं. थायरॉइड ठीक. व्हीडीआरएलही केली, कारण उपदंशातही केस ठिकठिकाणी जातात. ती निगेटिव्ह आली. बिब्ब्याची जखम भरल्यावर स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात कानामागच्या डागाच्या कडेचा ४ मिलिमीटरचा तुकडा काढून तपासला. डिस्कॉइड ल्युपसच निघाला. तुकडा मधून न काढता कडेचा काढायचा असतो, मध्ये फक्त जुना व्रण सापडतो.

पण अहवाल यायच्या आधीच ताईंशी बोलणं गरजेचं होतं. मी कागदावर डोक्याचं चित्र काढलं आणि तीन रंगांनी भरलं. सगळीकडची गळती : परत येणार. कपाळावरचे आखूड केस : आजार शांत झाला की येणार. दोन डागांचा मधला भाग : येणार नाही. "ताई, उसवलेलं पुन्हा शिवता येतं, इस्त्रीनं जळालेलं नाही. या दोन जागा जळाल्यात. बाकीचं सगळं उसवलेलं आहे." त्या बराच वेळ कागदाकडे बघत होत्या. रडल्याही. मग विचारलं, "म्हणजे पूर्ण टक्कल न्हाई पडणार?" त्यांच्या मनात इतके महिने तेच चित्र होतं. त्यांच्या लहानपणी गावात केशवपन केलेली एक म्हातारी होती, तिचं डोकं त्यांना सारखं स्वप्नात दिसायचं.

आम्हा डॉक्टरांत "सगळं येईल" असं सांगून धीर द्यायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. दोन महिन्यांनी डाग तसाच राहिला की रुग्णाचा त्या शब्दावरचाच नव्हे, सगळ्या गोळ्यांवरचा विश्वास जातो. काय येणार नाही ते आधीच सांगितलं तर जे येणार आहे त्याची वाट बघता येते.

उपचार

लातूरच्या मूत्रपिंडतज्ज्ञांशी बोलून मायकोफेनोलेट पुन्हा सुरू केलं. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली होती, त्यामुळे गर्भाला अपायकारक असलेली ही गोळी देताना ती चिंता नव्हती. स्टेरॉइड त्यांच्या सल्ल्याने काही काळ वाढवून मग हळूहळू उतरवायचं ठरलं. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन रोज २०० मिलिग्रॅम. वजन ४६ किलो, आणि किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या वर गेलं की डोळ्याच्या पडद्याला धोका वाढतो. मूत्रपिंड दुखावलेलं असेल तर तो आणखी वाढतो, म्हणून डोळ्यांची तपासणी आत्ताच करून घेतली आणि वर्षाला एकदा करायची ठरली. या गोळीचा गुण दिसायला दोन-तीन महिने लागतात. मधल्या काळात ती सुटू नये म्हणून तिची जबाबदारी मुलीने घेतली, कॅलेंडरवर खूण करून.

डागांसाठी आधी जखम बरी केली, सलाइनने पुसून आणि प्रतिजैविक देऊन. मग कडेला तीव्र स्टेरॉइड मलम, मोजून काही आठवडे, आणि त्वचारोग विभागात साधारण महिना-दीड महिन्याने पातळ केलेल्या ट्रायॅमसिनोलोन या स्टेरॉइडची बारीक इंजेक्शनं. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत, हे तीनदा सांगितलं.

केस वाढवायचं औषध म्हणून वापरतात ते मिनॉक्सिडिल दिलं नाही. मुलीने मोबाइलवर वाचून विचारलं होतं. ते सुरू केल्यावर पहिले काही आठवडे केस उलट जास्त गळू शकतात. गोळ्यांनी केस जातात असं पक्कं मनात धरून बसलेल्या बाईला तेव्हाच आणखी गळती दाखवणं म्हणजे पुन्हा सगळं बंद पडायची तयारी. शिवाय व्रणावर त्याचा उपयोग नाही, आणि तापानंतरची गळती त्याच्याशिवायही भरून येते.

रोजचं जगणं

न्हाणं आठवड्यातून दोनदा, सौम्य शाम्पूने, नखं न लावता. धुतल्यावर हातात येणारे केस आधीच सुटलेले असतात, धुण्याने नवे सुटत नाहीत. पंधरा दिवसांनी धुतलं तर पंधरा दिवसांचे एकदम दिसतात आणि छाती धडधडते. हे पटायला वेळ लागला. पटलं ते मुलीने दोन आठवडे दोन्ही तऱ्हांनी गोळा करून दाखवल्यावर.

ल्युपसला ऊन चालत नाही. उन्हाने त्वचेचे डाग भडकतात आणि आतला आजारही. मराठवाड्यातला एप्रिल-मे म्हणजे पारा ४२ च्या पुढे, आणि तुरीच्या काढणीपासून बायका शेतातच. पदर उपयोगी आहे, पण नायलॉनच्या पातळ साडीचा एकेरी पदर ऊन अडवत नाही. दाट विणीचा गडद सुती रुमाल दुहेरी करून आत, त्यावर पदर, आणि दहा ते चार शेतात जायचं नाही. ही शेवटची अट घरात सगळ्यांत अवघड गेली. शेवटी जावेने खुरपणीची पाळी घेतली आणि ताईंनी तिच्या पोरांचे शाळेचे कपडे शिवून द्यायचे, असं दोघींनी आपसांत ठरवलं.

लग्नसराईत गंगावन लावायची मामींची सूचना होती. मी नको म्हटलं. त्याचं वजन उरलेल्या केसांच्या मुळांवर येतं आणि पिना नेमक्या डागाजवळ रुततात. केस खांद्यापर्यंत कापायला ताई तयार होत्या, मामी नव्हत्या. "सवाशीण बाईनं केस कापू न्हाई." यावर मी वाद घातला नाही. काही आठवड्यांनी कळलं की मुलीने गुंता सोडवता सोडवता टोकं कापली, दर न्हाण्याला थोडी थोडी, आणि मामींनी बघून न बघितल्यासारखं केलं. भांग मधला सोडून डावीकडून काढला की टाळूचा डाग झाकतो, हे ताईंनी स्वतः आरशात शोधलं. भरलेल्या व्रणावर लग्नाकार्यापुरती भुवयांची काळी पेन्सिल फिरवायला मी परवानगी दिली. इंजेक्शनच्या आठवड्यात मात्र नाही.

तपासणीला येणं सुटलं नाही, यात एसटीच्या अर्ध्या तिकिटाचा वाटा आहे. २०२३ पासून बायकांना ते मिळायला लागलं. त्याआधी याच ताई ये-जा महाग पडते म्हणून तारखा चुकवायच्या.

पुढे काय झालं

मार्चमध्ये गळती कमी झाली. मे महिन्यात कपाळाच्या कडेला लहान पोरासारखे मऊ, आखूड केस उभे राहिले. ते तुटलेले नव्हते, टोकाला निमुळते होते, म्हणजे नवे उगवलेले. लघवीतली प्रथिनं निम्म्याहून खाली आली, पायांची सूज गेली. फेरिटिन हळू वर येतंय. कानामागच्या डागाची कड विझली. टाळूचा डाग एका बाजूने मधे पुन्हा लालसर झाला होता. तेव्हा ऊन होतं आणि रुमाल धुवायला पडलेला होता. इंजेक्शनची एक फेरी वाढवावी लागली. दोन्ही डागांचा मधला भाग जसा सांगितला होता तसाच, पांढुरका आणि केसांविना आहे.

नागपंचमीच्या आसपास मालकांनी केसरोपणाबद्दल विचारलं. संभाजीनगरला कुणीतरी करतं असं त्यांनी ऐकलं होतं. मी सांगितलं की डिस्कॉइड ल्युपस दीर्घकाळ पूर्ण शांत असल्याशिवाय त्या जागेला सुई लावायची नाही. शस्त्रक्रियेच्या जखमेनेच तो पुन्हा जागा होऊ शकतो, आणि व्रणात लावलेले केस टिकतीलच असं नाही. आत्ता तर विषयच नको. ताई मधेच म्हणाल्या, "मला न्हाई करायचं ते. तेवढ्या पैशात मशीनला मोटार बसवते. पाय मारून मारून गुडघे दुखायलेत." बसस्टँडजवळच्या दुकानात भाव विचारून मगच गावाकडे गेल्या. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे, डोळ्यांच्या तपासणीसकट.